रॉबिन हूडचा शेवट लेकीला वाचून दाखवू की नको?

भाकरतुकडा (शुक्रवार, रात्री १०:४०)

महिनाभर आमच्याकडे रात्रीची जेवणं आटपली की अर्धा तास वाचन चालतं. पुस्तक हॉवर्ड पाइलचं, ‘द मेरी अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’. रद्दीच्या दुकानात मिळालं, चित्रांसकट. चित्रंही पाइलनेच काढलीत. इंग्रजी मुद्दाम जुनाट केलेलं आहे, त्यामुळे मी डोळ्यांनी इंग्रजी वाचतो आणि तोंडाने मराठी सांगतो. लेक नऊ वर्षांची. लाकडी पुलावरची रॉबिनची आणि पुढे त्याचा उजवा हात झालेल्या लिटल जॉनची मारामारी तिला तीनदा ऐकवावी लागली. ‘व्हेनिसन पेस्टी’ची मी ‘हरणाच्या खिम्याची करंजी’ केली, तर बाईसाहेबांनी आईकडे फर्माईश केली. खिमा कोंबडीचा चालेल म्हणे.

आता शेवटचं प्रकरण उरलंय. मी ते एकट्याने वाचून ठेवलंय आणि तेव्हापासून अडलोय. रॉबिनला ताप येतो. किर्कलीजच्या मठातली मुख्य जोगीण त्याची नात्यातली बहीण, तिच्याकडे तो ताप उतरावा म्हणून रक्त काढून घ्यायला जातो आणि ती त्याला दगा देते. तुताऱ्या, शिकारी, हशा, ढोसाढोशी, एवढं सगळं झाल्यावर एकदम हे. गंमत म्हणजे त्या प्रकरणाच्या तोंडाशी पाइल स्वतःच सांगतो की इथून पुढे मोडतोडीची गोष्ट आहे, कुणाला इथेच निरोप घ्यायचा असेल तर घ्या. म्हणजे लेखकानेच दार उघडून ठेवलंय.

तर, वाचू की गाळू?

दुसरा प्रश्न, ‘आउटलॉ’ला मराठीत काय म्हणता? ‘दरोडेखोर’ म्हटलं की तिला बातम्यांतले दिसतात. ‘पुंड’ म्हणून पाहिलं तर म्हणाली, “गुंडाचा भाऊ?”

आळशी_अस्वल (शुक्रवार, रात्री १०:५२)

वाचतोय. करंजीची पाककृती येऊ द्या.

गोडाकाकू (शुक्रवार, रात्री ११:१५)

गाळा हो. नऊ वर्षांचं लेकरू ते. माझ्या मुलाला एका गोष्टीत घोडा मेलेला ऐकवला तर आठवडाभर आमच्यामध्ये झोपायला येत होता. मोठी झाली की वाचेल आपली आपण.

जुनापुराणा (शनिवार, सकाळी ७:०५)

काकू, गाळायचंच म्हटलं तर पाइलने आधीच पोतंभर गाळलंय. पहिल्या प्रकरणातले पंधरा वनरक्षक आठवा. अठरा वर्षांचा रॉबिन नॉटिंगहॅमच्या नेमबाजीला निघालाय, वाटेत ते त्याला डिवचतात, पैज लागते, तो लांबून हरीण पाडतो. पैसे द्यायचं राहिलं बाजूला, त्यांच्यातलाच एक पाठमोऱ्या रॉबिनवर बाण सोडतो. मग हा वळून त्याला मारतो. एकच माणूस, तोही आधी वार करणारा. वर पाइल त्याला पस्तावतानाही दाखवतो.

जुन्या पोवाड्यात, म्हणजे त्यांच्या ‘बॅलड’मध्ये, तो पंधराच्या पंधरा आडवे करतो आणि पुढे चर्चच्या आवारात त्यांना ओळीने पुरतात. एवढ्यावर भागत नाही. रॉबिन आणि साधूचा एक पोवाडा आहे, त्याची हस्तलिखित प्रत पंधराव्या शतकाच्या मध्यानंतरची, म्हणजे सगळ्यात जुन्यांपैकी. त्यात लिटल जॉन त्या साधूला मारतो आणि त्याच्या सोबतच्या पोऱ्याला रॉबिनचाच दुसरा गडी मच मारतो. पोराचा गुन्हा काय? जाऊन सांगेल ही भीती. रॉबिनला मारायला आलेल्या ‘गाय ऑफ गिस्बर्न’चं तर डोकं छाटून, सुरीने तोंड ओळखू येणार नाही असं करून, धनुष्याच्या टोकाला खोचलंय.

हे सगळं १८८३ साली अमेरिकेत बसून, मुलं वाचणार म्हणून, पाइलने धुऊन वाळत घातलं. इंग्लंड त्याने तोवर पाहिलंही नव्हतं. तेव्हा ‘मूळ गोष्ट’ या शब्दाला फार धरून बसू नका. पण एवढं धुणाऱ्या माणसाने शेवटचा दगा मात्र ठेवला, तो का ठेवला असेल, हे बघा.

भाकरतुकडा (शनिवार, सकाळी ७:४०)

गिस्बर्नवरून आठवलं. पाइलच्या पुस्तकातही तो मरतो, आणि मेल्यावर रॉबिन म्हणतो की तरुणपणी राजाचा वनरक्षक मारला त्यानंतर मारलेला हा पहिलाच माणूस. त्या पहिल्याचं अजून वाईट वाटतं, याचं मुळीच वाटत नाही, रानडुक्कर मारल्यासारखं वाटतंय. लेकीने हे ऐकलं आणि बोटं मोजली. “म्हणजे दोन.” मग पाणी पिऊन झोपली. मीच जागा.

टोपणनाव_सुचेना (शनिवार, सकाळी ९:२०)

रॉबिन हूडने श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटलं हीच मुळात थाप आहे ना? कुठेतरी वाचलं होतं. (काडी टाकून पळतोय.)

जुनापुराणा (शनिवार, सकाळी १०:१०)

पळू नका, थांबा. थाप नाही, उशिरा चढलेलं पुट आहे. त्याच्यावरचं सगळ्यात मोठं जुनं काव्य १५०० च्या आसपास छापलं गेलं, ‘गेस्ट’ म्हणतात त्याला. त्यात वाटप असं कुठे चालत नाही. शेवटी फक्त एवढं येतं की गरिबांचं त्याने बरंच भलं केलं. पण गड्यांना दिलेली ताकीद स्पष्ट आहे: नांगर धरणाऱ्याला हात लावायचा नाही, भल्या साध्या माणसाला नाही, आणि मनाने चांगला असेल तर सरदारालाही नाही. बिशप-आर्चबिशप दिसले तर बांधा नि बडवा. नॉटिंगहॅमच्या शेरीफला तर विसरूच नका.

त्यातला सगळ्यात गोड भाग सांगतो, पाइलकडे तो वेगळ्या रूपात आहे. रॉबिनला पाहुण्याशिवाय जेवण गोड लागत नाही. गडी एका मरगळलेल्या सरदाराला धरून आणतात. हरणाचं मांस, पाव, दारू, यथासांग पाहुणचार होतो. मग रॉबिन म्हणतो, आता जेवणाचं बिल. तुझ्याजवळ किती आहे? तो म्हणतो, दहा शिलिंग. लिटल जॉन जमिनीवर घोंगडी पसरतो, पेटी उपडी करतो, मोजतो. दहाच निघतात. खरं बोलला म्हणून पेनीलाही हात लावत नाहीत. उलट यॉर्कच्या मठाकडे त्याची जमीन चारशे पौंडांना गहाण पडलीय असं कळल्यावर रॉबिन चारशे पौंड काढून देतो. जामीन कोण? मेरीमाता.

वर्षाने त्याच मठाचा एक साधू रानातून चाललेला सापडतो. किती आहे जवळ? वीस मार्क, म्हणतो, म्हणजे पंधरा पौंडही नाहीत. घोंगडी पसरतात. आठशे पौंड! रॉबिन हात जोडतो: मेरीमातेने दामदुपटीने फेडलं बुवा.

कापडवाला (शनिवार, सकाळी ११:३०)

जुपु, हे खरंच पाचशे वर्षांपूर्वीचं? आमच्या बाजारपेठेतल्या गल्लीत शोभेल असा हिशोब आहे.

जुनापुराणा (शनिवार, सकाळी ११:४८)

तुमच्या धंद्यातलं अजून एक. त्या सरदाराचे कपडे फाटलेले, म्हणून रॉबिन त्याला प्रत्येक रंगाचं तीन-तीन यार्ड कापड द्यायला सांगतो. लिटल जॉनजवळ गज कुठला? तो धनुष्यानेच मोजतो. आणि दर मापाला तीन फूट पुढे उडी मारून मोजतो. मच चिडतो, हा कसला कापड दुकानदार! दुसरा हसत म्हणतो, त्याच्या बापाचं काय जातंय.

कापडवाला (शनिवार, दुपारी १२:०५)

असा नोकर एकदा ठेवला होता. 😄

नॉटिंगहॅमकर (शनिवार, दुपारी २:३०)

धाग्यावर येणं भाग आहे, आयडीच तसा. बारा वर्षं इथे राहतोय. किल्ल्याबाहेर रॉबिनचा ब्राँझचा पुतळा आहे, १९५२ चा. त्याच्या धनुष्यावरचा बाण लोक इतक्यांदा पळवतात की नेमका आज आहे का हे बघायला माणसं जातात. चोराच्या पुतळ्यावर चोरी.

रॉबिनच्या शेरवूड रानात एडविन्स्टोव्ह गावाजवळ ‘मेजर ओक’ नावाचं जुनं झाड आहे. घेर दहा मीटरच्या वर, फांद्यांना टेकू लावलेत, हात लावायची सोय नाही, कुंपणाबाहेरून बघायचं. गेल्या वर्षी आईबाबा आले होते, त्यांना नेलं. बाबा पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, “आपल्याकडे असता तर एव्हाना शेंदूर लागला असता.”

पाइल शेवटपर्यंत शेरवूडच म्हणतो त्याबद्दल त्याचे आभार. कारण...

जुनापुराणा (शनिवार, दुपारी २:४५)

कारण ‘गेस्ट’मधला रॉबिन यॉर्कशरच्या बार्न्सडेलचा. म्हणा की.

नॉटिंगहॅमकर (शनिवार, दुपारी ३:०२)

आमच्या ऑफिसात एक यॉर्कशरवाला आहे, तोही दर सोमवारी हेच ऐकवतो. त्यांनी २००५ साली डॉनकॅस्टरजवळच्या विमानतळाला रॉबिन हूडचं नाव दिलं तेव्हा इथल्या लोकांचा तिळपापड झाला होता म्हणतात. २०२२ मध्ये तो विमानतळच बंद पडला. मी काही बोलत नाही, नुसता चहा देतो त्याला.

निळावंती (शनिवार, संध्याकाळी ५:१०)

सगळे बाप्ये बोलून झाले असतील तर एक विचारते. पाइलच्या पुस्तकात रॉबिनची प्रेयसी मॅरियन किती वेळा येते? नावापुरती. एक-दोनदा उल्लेख, बस्स. भाकरतुकडा, तुमची लेक महिनाभर पुरुषांच्या लाठ्या-काठ्या ऐकतेय, तिने विचारलं नाही का?

ती ‘गेस्ट’मध्येही नाही. फ्रेंच लोकांकडे रॉबिन आणि मॅरियन नावाच्या मेंढपाळ जोडीची निराळीच नाटुकली होती, तेराव्या शतकातली. तिथल्यासारखी मॅरियन पुढे इंग्लंडच्या मे महिन्याच्या खेळांत शिरली आणि तिथून आपल्या रॉबिन हूडच्या गळ्यात पडली. म्हणजे नाव जुळलं म्हणून जमवलेलं लग्न.

लेक थोडी मोठी झाली की रॉबिन मॅकिन्लेची ‘द आउटलॉज ऑफ शेरवूड’ द्या, १९८८ ची. लेखिका बाई आहे. त्यात रॉबिनचा नेम बेताचाच. वनखात्यात उमेदवारी करणारा भिडस्त पोरगा, हातून चुकून खून होतो आणि लपायची वेळ येते. खरी तिरंदाज मॅरियन. त्याच्या नावाने स्पर्धेत तीच उतरते. आणि पुस्तकाचा अर्धा जीव कशात आहे माहितीये? एवढ्या माणसांनी रानात राहायचं तर पाणी कुठून, संडास कुठे खणायचा, पावसात वाळवायचं काय. मला तेच आवडलं. पाइलच्या गड्यांचे कपडे कोण धुतं?

तिरकमठा (शनिवार, संध्याकाळी ६:२५)

रॉबिनचा नेम बेताचा? हा म्हणजे गाणं न येणारा तानसेन. मला नाही झेपली ती कादंबरी. चाळीस पानांत सोडली.

निळावंती (शनिवार, संध्याकाळी ६:४०)

चाळीस पानांत कुणाचाही नेम बेताचाच दिसतो. तुमचाही. (हलकेच घ्या.)

तिरकमठा (शनिवार, संध्याकाळी ७:१५)

घेतलं हलकेच. मी क्लबात धनुर्विद्या शिकवतो म्हणून जरा लागलं. बाणावर बाण मारून चिरणं हे वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीतून लोकांच्या डोक्यात बसलंय. आमच्यातही बाणाच्या शेपटात बाण घुसला की त्याला ‘रॉबिनहूड’च म्हणतात. पहिल्यांदा झालं की पेढे, दुसऱ्यांदा झालं की रडू, कारण बाण महाग. आजचे बाण पोकळ नळीचे असतात म्हणून ते होतं. लाकडी बाण टोकापासून शेपटापर्यंत सरळ चिरला जाणं अवघड, लाकडाचा रेषा जिकडे जातो तिकडे चीर जाते.

आणि मॅरियनबद्दल माझी काही हरकत नाही. २०२३ मध्ये आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेती झाली. माझ्या क्लबात त्यानंतर मुलींची संख्या मुलांच्या पुढे गेलीय.

रानभूल (शनिवार, रात्री ९:३०)

शब्दाच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

‘आउटलॉ’ म्हणजे नुसता गुन्हेगार नव्हे. तो कायद्याच्या बाहेर काढलेला. परगण्याच्या कोर्टात लागोपाठ पुकारा व्हायचा, हजर झाला नाही की जाहीर. मग त्याच्या डोक्याला ‘लांडग्याचं डोकं’ म्हणायचे. लांडगा दिसला तर मारायला कुणाची परवानगी लागते का? तसंच. आपल्याकडचा ‘वाळीत टाकलेला’ या अर्थाच्या जवळ जातो, पण वाळीत गाव टाकतं, इथे राजा टाकतो. मला ‘बंडवाला’ बरा वाटतो. उमाजी नाईकांच्या काळापासून तो शब्द आपल्याकडे रुळलाय आणि त्यात चोरीपेक्षा सरकारशी वाकडं असण्याचा वास जास्त येतो.

‘फॉरेस्ट’चंही तेच. आपण जंगल म्हणतो, पण तेव्हाच्या इंग्लंडात फॉरेस्ट म्हणजे राजाचा शिकारीचा कायदा लागू असलेला मुलूख. त्यात शेतं, गावं, माळ सगळं यायचं. तुमच्याच शेतात हरीण आलं तरी ते राजाचं. १२१७ मध्ये जंगलाची सनद निघाली तेव्हा कुठे असं ठरलं की हरणापायी कुणाचा जीव किंवा हातपाय घ्यायचा नाही, दंड करायचा किंवा वर्ष आणि एक दिवस कोठडी. पाइलचा रॉबिन त्याच्या आधीचा, दुसऱ्या हेन्री राजाच्या काळात सुरू होणारा. म्हणजे पहिल्या प्रकरणातल्या त्या एका हरणाची किंमत काय असेल बघा. मी रायगडची. १९३० च्या जंगल सत्याग्रहात चिरनेरला गोळीबार झाला, तो आमच्याकडे अजून दर सप्टेंबरला आठवतात. सरकारने रान राखीव केलं की काय होतं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, त्यामुळे ते पंधरा वनरक्षक माझ्या डोळ्यांसमोर खाकीतच येतात.

कोरडाठाक (शनिवार, रात्री ९:५५)

मग इंग्लंडात कशाला जाता? अण्णाभाऊंचा ‘फकिरा’ वाचून दाखवा पोरीला. भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटणारा, आणि साहेबाच्या राज्यात. पाइलचं पुस्तक निघालं त्याच १८८३ साली फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात वारले. तिकडे हिरव्या कपड्यांतले बंडवाले गोष्टीत नाचतायत, आणि इकडे खऱ्याला साखळदंड.

जुनापुराणा (शनिवार, रात्री १०:२०)

‘फकिरा’ला पूर्ण अनुमोदन, पण नऊ वर्षांच्या मुलीला किर्कलीज नको म्हणणारे ‘फकिरा’ कसा वाचू देतील? त्यातलं दुःख कुणी धुऊन ठेवलेलं नाही.

कोरडाठाक (शनिवार, रात्री १०:३१)

तेच म्हणतोय. धुतलेलं कशाला द्यायचं.

आळशी_अस्वल (शनिवार, रात्री १०:४५)

पॉपकॉर्न संपले. करंजीचं काय झालं?

डॉ. टिंक्चर (रविवार, सकाळी ८:५०)

शेवटच्या प्रकरणावर एक वैद्यकीय टीप. तेव्हा ताप आला की रक्त काढायचे, आपल्याकडे तुंबडी किंवा जळवा लावत तसंच. यात मठातल्या बाया तरबेज असायच्या, त्यामुळे रॉबिन तिथे जातो ते त्या काळाला धरूनच आहे. शीर कातडीलगतची कापायची असते. पाइल लिहितो की तिने ती न कापता खोलवरची कापली, जिच्यातून लालभडक रक्त हृदयातून उसळत येतं. तो तिला शीरच म्हणतो, पण वर्णन धमनीचं आहे, आणि वर्णन बरोबर आहे. म्हणजे दगा शस्त्रात नाही, दोन-तीन मिलिमीटरमध्ये आहे.

वाचताना एवढा खुलासा करू नका. माझ्या मुलाला केला होता, तो आता रक्त तपासायला जात नाही.

गोडाकाकू (रविवार, सकाळी ९:१५)

बघा! मी काय म्हणत होते!

निळावंती (रविवार, सकाळी १०:००)

काकू, तुमचा मान राखून सांगते, मला लहानपणी शेवट गाळूनच सांगितला होता. आमच्या बाबांचा रॉबिन राजाबरोबर लंडनला जायचा आणि मॅरियनशी लग्न करून सुखी व्हायचा. कॉलेजात खरं कळलं तेव्हा रॉबिन मेल्यापेक्षा बाबांनी सांगितलं नाही याचंच जास्त लागलं. चार दिवस नीट बोलले नव्हते त्यांच्याशी. भाकरतुकडा, वाचा. मात्र झोपायच्या आधी नको. दुपारी वाचा, आणि त्यानंतर तिला कुठेतरी खेळायला जाता येईल असं बघा.

भाकरतुकडा (रविवार, रात्री ९:१०)

वाचलं. निळावंतीचं ऐकून दुपारी, गच्चीवर.

आधी पाइलचीच विचारणा केली: पुढे वाईट आहे, थांबायचं का? म्हणाली, “तुम्ही वाचलंय ना? मग मला पण.” जोगिणीच्या भागाला मी आवाज खाली आणला आणि डॉक्टरांचे मिलिमीटर खिशात ठेवले. लिटल जॉन दार फोडतो, मठ जाळायला निघतो आणि रॉबिन नको म्हणतो, तिथे तिने विचारलं, “का नको?” मला उत्तर आलं नाही. तीच म्हणाली, “दोनच मारलेत ना त्याने, म्हणून.” (मधल्या लढाईतले तिने धरलेले नाहीत. मी दुरुस्ती केली नाही.)

मग शेवटचा बाण. खिडकीतून सोडायचा आणि तो पडेल तिथे पुरायचं. इथे ती रडली नाही, तिला बाण कुठे पडला ते हवं होतं. तिरकमठा, नॉटिंगहॅमकर, काही सांगता येईल?

आणि हो, ‘बंडवाला’ पास झाला. रानभूल, आभार.

नॉटिंगहॅमकर (रविवार, रात्री ९:४०)

किर्कलीजला थडगं म्हणून दाखवतात ती जागा मठाच्या उरलेल्या देवडीपासून सहाशे यार्डांहून लांब आहे. ते यॉर्कशरात येतं हे मी तोंड वाकडं करून लिहितोय.

तिरकमठा (रविवार, रात्री ९:५८)

सहाशे यार्ड? शक्य नाही. ‘मेरी रोज’ या सोळाव्या शतकात बुडालेल्या इंग्रजी युद्धनौकेवर सापडलेली धनुष्यं शंभर ते एकशे ऐंशी पौंड ओढीची असावीत असं मानतात, आणि तसल्या धनुष्याने धडधाकट पहिलवानाने मारला तरी बाण त्याच्या अर्ध्या-पाऊण वाटेत खाली यावा. इथे माणूस अंगातलं रक्त गेलेला, अंथरुणात टेकून बसलेला. खिडकीखालच्या वाफ्यात पडला असेल. लेकीला सांगा, काका म्हणाले थडगं चुकीच्या जागी आहे.

डॉ. टिंक्चर (रविवार, रात्री १०:०४)

धनुष्य उचललं असतं तरी मी पेपर लिहिला असता.

भाकरतुकडा (सोमवार, सकाळी ७:२५)

शाळेच्या रिक्षाची वाट बघताना सांगितलं. काल रात्री तिला धाग्यातली कापड मोजायची गोष्टही सांगितली होती. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, तुमच्या काकांना सांगा थडगं बरोबर आहे. बाण वाफ्यातच पडला होता. पण जागा मोजायला लिटल जॉन गेला होता.

तिरकमठा (सोमवार, सकाळी ७:३१)

मान्य.